कार्ला मराठीत बोलला होता

रात्रीचे पावणेदोन. दुपारची बासुंदी अंगावर आली असणार, असं मघाशी स्वतःला सांगून पाहिलं. बासुंदीचा काही दोष नाही.

झालं इतकंच. वहिनीकडे जेवणं उरकल्यावर चिन्मय उगवला, आणि मी सवयीने म्हटलं, "तू तुझ्या घरी वेळेवर जातोस का?" हे वाक्य आमच्याकडे चाळीस वर्षं चाललंय. उशिरा येणाऱ्याला हेच, नसत्या चौकशा करणाऱ्यालाही हेच. आई तर दारावर आलेल्या जनगणनावाल्यालाही हे म्हणाली होती. चिन्मयच्या बायकोने विचारलं, हे आलं कुठून? तिला आमच्या घरातल्या गोष्टी अजून सांगून संपलेल्या नाहीत, त्यामुळे मला चेव आला. हातातली सुपारी खाली ठेवून मी सगळं सांगितलं. बीबीसीची जुनी हेरमालिका, 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. दिल्लीतला तुरुंग, उकाडा, टेबलाच्या अलीकडे ब्रिटिश हेर स्मायली, पलीकडे रशियन हेर कार्ला. स्मायली बोलतोय, बोलतोय, समोरचा ढिम्म. आणि मग एकदाचा कार्ला मान वर करतो आणि म्हणतो... मी आवाजसुद्धा काढून दाखवला. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा.

चिन्मय म्हणाला, "आत्या, तो पॅट्रिक स्ट्यूअर्ट आहे ना? स्टार ट्रेकमधला? तो अख्ख्या सिरीयलमध्ये एक शब्द बोलत नाही."

मी म्हटलं, बोलतो. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, तू जन्मलाही नव्हतास. त्याने फोन काढला.

सगळे हसले. वाईट असं कुणी हसलं नाही. वहिनी हसली नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

घरी येऊन लॅपटॉपवर तो प्रसंग लावला. एकदा पाहिला, मग मागे नेऊन परत पाहिला. कार्ला बोलत नाही. स्मायली त्याला त्याच्या बायकोबद्दल विचारतो, मॉस्कोला परत गेलास तर काय होईल ते सांगतो, आमच्याकडे ये म्हणतो. त्याने सिगरेटी आणि लायटर पुढे केलेत. समोरचा माणूस नुसता बघतो. ज्या माणसाचा आवाज पुढे जगभर गाजला त्याला तिथे बसवून ठेवलाय आणि तोंड उघडू दिलेलं नाही. मग म्हटलं, दुसऱ्या मालिकेत बोलत असेल, मी दोन्हींची खिचडी केली असेल. ती १९८२ची, 'स्मायलीज पीपल'. तिचा शेवट लावला. तिथेही कार्ला बर्लिनमध्ये सीमा ओलांडून येतो, तोच लायटर जमिनीवर टाकतो आणि जातो. अक्षर नाही. स्मायली तो लायटर उचलतही नाही.

आणि तरी मला तो आवाज ऐकू येतोय.

हे काही वयाचं रडगाणं नाही. किंवा असेलही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, त्याचं मला काही वाटत नाही, तो डोक्यावरच असतो. पण इथे मी काही विसरले नाहीये. जे नाहीच ते मला स्वच्छ आठवतंय. कोर्टात उभं केलं असतं तर गीतेवर हात ठेवून सांगितलं असतं, होय, हा इसम बोलला. चाळीस वर्षं मी हा प्रसंग किती जणांना सांगितला असेल! ऑफिसात, लग्नात, लेडीज स्पेशलमध्ये. त्यातलं कुणीच मालिका पाहिलेली नव्हती, म्हणून आजवर निभावलं. मग बाकीचं काय? सांगलीच्या घराच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या, हे तरी खरं का? आता मोजायला जिनाही नाही. एकटं राहिलं की हे असं होतं, तुमच्या आठवणीला 'छे, असं नव्हतं' म्हणणारं घरात कुणी उरत नाही. भाच्यांच्या फोनवर अवलंबून राहायचं.

मघाशी चहा केला. (मध्यरात्री चहा पिऊ नये, माहीत आहे.) कप आणताना त्यावर बशी झाकली आणि तिथेच ओट्यापाशी हसायला आलं.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'चा पहिलाच प्रसंग. एका साध्या खोलीत चार माणसं एकेक करून मीटिंगला येतात. कुणी फायली घेऊन, कुणी सिगरेट ओढत, आणि शेवटचा हातात चहाचा कप घेऊन, कपावर बशी पालथी झाकून. कुणी कुणाशी बोलत नाही. आई लगेच म्हणाली होती, "हा माणूस घरंदाज दिसतो. चहा झाकून आणलाय." तोच बिल हेडन. वीस-वीस वर्षं रशियनांना बातम्या पुरवणारा तोच निघाला. आई शेवटपर्यंत ते मान्य करायला तयार नव्हती. बशीवाला नाही, कल्हईवाला असणार, म्हणाली.

कल्हईवाला! हा शब्द कुठून आला?

मी कप तसाच ठेवून खाली बसले.

१९८५ची दिवाळी. दादा लंडनहून आला होता आणि बॅगेत, वहिनीच्या साड्यांखाली, दोन व्हिडिओ कॅसेट. सात भाग, सगळे बीबीसीवरून टेप केलेले. विलायतेतल्या कॅसेट आपल्याकडे चालतात, दोन्हीकडे पाल सिस्टीम, अमेरिकेतल्या चालत नाहीत, हे त्याने आल्या आल्या सर्वांना समजावलं. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणला. तो लावायला आलेला मुलगा 'शोले' नाही म्हटल्यावर खट्टू झाला. गावभागातल्या माजघरात सगळे बसलो. सुरुवातीला त्या रशियन बाहुल्या, एकीच्या पोटातून दुसरी, दुसरीच्या पोटातून तिसरी, आणि शेवटच्या बाहुलीला चेहराच नाही. इथपर्यंत सगळ्यांना कळलं. मग माणसं बोलायला लागली आणि कुणाला काही कळेना. मला कॉलेजात इंग्रजी होतं, पण ते छापील. ही माणसं ओठ न हलवता बोलत होती. स्मायली झालेला ॲलेक गिनेस तर स्वतःशीच पुटपुटल्यासारखा.

म्हणून दादा सांगत होता. पॉझचं बटण दाबून नाही, पॉझ केलं की चित्र थरथरायचं, त्यामुळे तो चालू चित्रावरच सांगत होता. आईसाठी. पाच तास! इंग्रजी बालगीतातली नावं ठेवलीत प्रत्येक संशयिताला, तर हा ॲलेलाइन कल्हईवाला, हा हेडन शिंपी, हा ब्लँड शिपाई, हा एस्टरहेज गरीब. आणि भिकारी कोण? आपला स्मायलीच. त्याच्याही साहेबाचा त्याच्यावर संशय होता. आई म्हणाली, "एवढा सज्जन माणूस, त्याला भिकारी म्हणतात मेले."

मग दिल्ली आली. दिल्ली म्हटल्यावर सगळे सरसावून बसले, आपल्याकडचं आलं म्हणून. स्मायली बोलतोय आणि दादा मराठीत सांगतोय. स्मायली गप्प झाला. पडद्यावर कार्लाचा चेहरा. आता हा काय म्हणतो म्हणून आईने दादाकडे पाहिलं. आणि दादा, खालच्या पट्टीत, जरा घोगऱ्या आवाजात, म्हणाला, "माझ्या बायकोचं राहू दे. तू तुझ्या घरी वेळेवर जातोस का?"

आई म्हणाली, "बरोबर बोलला."

त्या रात्रीपासून आई कार्लाच्या बाजूची झाली.

म्हणजे मला आठवतंय ते बरोबरच आठवतंय. वाक्य मराठीत आहे! चाळीस वर्षं मी एका रशियन हेराचं वाक्य मराठीत सांगत आले आणि ना मला त्यात काही वावगं वाटलं, ना ऐकणाऱ्याला. पुराव्यावर पुरावा समोर पडलेला. स्मायलीने पहिल्या दहा मिनिटांत पकडलं असतं.

दादाने तेव्हा सगळे भाग आधी पाहिलेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं. त्या लायटरवर स्मायलीच्या बायकोचं, ॲनचं, नाव कोरलेलं असतं, प्रेमाने दिलेला. कार्ला तो घेऊन जातो आणि त्याला कळतं, या माणसाचं मर्म इथे आहे. पुढे हेडनने ॲनशी सूत जमवलं ती कार्लाचीच चाल. उद्या स्मायलीला हेडनचा संशय आलाच, तर लोक म्हणणार, बायकोवरून राग काढतोय. तेव्हा 'तू तुझ्या घरी वेळेवर जातोस का' हे वाक्य दादाने उगाच टाकलेलं नव्हतं. लेखकाने जे कार्लाच्या तोंडी घातलं नाही ते दादाने घातलं आणि चपखल घातलं. मला त्याचं कौतुक वाटायला लागलं आणि कौतुकाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी.

कारण तो आणखी काय काय सांगत होता?

थॅचरबाईंची गोष्ट त्यानेच सांगितलेली. शेवटचा भाग लागला ऑक्टोबर १९७९मध्ये, आणि महिनाही झाला नव्हता तेवढ्यात, १५ नोव्हेंबरला, बाईंनी पार्लमेंटात उभं राहून जाहीर केलं की राणीच्या चित्रसंग्रहाची देखभाल केलेले सर अँथनी ब्लंट हे रशियाचे हेर होते. "आठवा भाग पार्लमेंटात झाला," असं दादा म्हणायचा. हे मी आत्ता तपासलं. खरं आहे. रशियाला फितूर झालेला दुसरा ब्रिटिश हेर फिल्बी अंबाल्यात जन्मला, बापाने त्याला 'किम' म्हणायला सुरुवात केली, १९६३मध्ये बैरूतहून जो निसटला तो थेट मॉस्कोत. हेही खरं निघालं. दोन्ही खरं निघाल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचा राग आला. मी दादाची उलटतपासणी घेतेय. पहाटे अडीच वाजता. उत्तर द्यायला तो नाही.

एक मात्र तपासता येणार नाही. मिरजेला डॉक्टर आईबद्दल बोलले ते सगळं इंग्रजीतून. दादाच पुढे होता. बाहेर येऊन त्याने आम्हाला मराठीत सांगितलं. आई ऐकून हसली होती. असो.

दुभाष्याचं काम वाईट. समोरचा गप्प बसला तरी ऐकणारं माणूस तोंडाकडे बघत असतं.

म्हणतात, गिनेसने ती भूमिका केल्यावर मूळ कादंबरीकार ल कारेला पुढे स्मायली लिहिताना गिनेसचाच आवाज ऐकू यायचा. ज्याने माणूस जन्माला घातला त्याच्याच डोक्यातून तो माणूस बाहेर काढून दुसरा बसवला. हे वाचून मला जरा बरं वाटलं. तो स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात काम केलेला, लिहायला टोपणनाव घेतलेला. त्याची ही गत, तर माझी काय कथा. माझ्या डोक्यात कार्लाच्या जागी सांगलीचा एक इंजिनीअर बसलाय, मांडी घालून, हातात चिवड्याची वाटी.

आणि शेवटचं ते गाणं. नावं यायला लागली की एक मुलगा चर्चमधलं काहीतरी गातो, उंच, थंड आवाजात. 'आता तुझ्या सेवकाला शांतपणे जाऊ दे' असा अर्थ, असं दादाने सांगितलं होतं. (हे तपासलं, बायबलातलं आहे, अर्थ बरोबर.) आई प्रत्येक भागाच्या शेवटी त्या गाण्याला हात जोडायची. सात वेळा. "आरती झाली, उठा," म्हणायची आणि कुणी उठायचं नाही. पाचव्या भागानंतर लाइट गेली. कंदिलात बसून दादाने पुढचे दोन भाग तोंडी सांगितले, आणि पहाटे लाइट आल्यावर ते आम्ही पाहिले. तोंडी सांगितलेले जास्त चांगले होते, याबद्दल घरात तेव्हाही दुमत नव्हतं.

आत्ता फोन वाजला. या वेळी फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं. वहिनी. तिलाही झोप नव्हती.

म्हणाली, "तुम्ही दुपारी म्हणालात ते कार्लाचं वाक्य तसं नाहीये हो."

मी म्हटलं, माहीत आहे, तो बोलतच नाही, पाहिलं मी. दादाने आईसाठी रचलेलं.

ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी म्हणते ते वेगळं. तिकडे घरी आम्ही पाहिलं तेव्हा माझंही इंग्रजी बेताचंच. मलाही यांनीच सांगितलं. तेव्हा कार्ला दुसरंच म्हणाला होता."

काय?

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झोपा आता. तीन वाजतील."

म्हणजे एकच खोली, तेच दोघे, तेच टेबल, आणि कार्ला सांगलीत एक बोलला आणि लंडनला एक. मला आधी हसू आलं, मग चक्क हेवा वाटला. बासष्टाव्या वर्षी वहिनीचा हेवा.

सकाळी जाणार आहे तिच्याकडे. तिला माझ्या हातचे धपाटे आवडतात, लोणी घालून. ताटलीत वाढीन, शेजारी बसेन, आधी इकडचं तिकडचं काढीन, मग तिकडच्या दिवसांवर येईन. ती एक शब्द बोलायची नाही, मी तिला ओळखते. मीच बोलत राहीन, नको ते सांगून बसेन, आणि घरी आल्यावर लक्षात येईल की डबा तिथेच राहिला.