पाचशे डॉलर, रोख

पिट्सबर्गला मी एका छोट्या हौशी क्लबचं ऑडिट करत होते. 'प्रवासखर्च' या खात्यात गावातच राहणाऱ्या खेळाडूंना दर सामन्याला तीच ठरावीक रक्कम. ना तिकीट, ना पावती. वयस्कर खजिनदार म्हणाले, "खेळण्याचे पैसे असं लिहायची आमच्याकडे पद्धत नाही."

एका नावापुढची रक्कम मध्येच बंद झाली होती. खांदा निखळला होता त्याचा. भरपाई? कागदावर तो कामावर नव्हताच!

मग मी त्यांना पज हेफेलफिंगरचा हिशेब सांगितला. येल विद्यापीठाचा हा धिप्पाड अमेरिकन फुटबॉल खेळाडू, 'गार्ड'च्या जागी खेळणारा, १८८९ ते १८९१ सलग तीन वर्षं 'ऑल-अमेरिका' या देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या संघात होता. पुढे ओमाहाला रेल्वेत नोकरीला लागला. तेव्हा फुटबॉलसाठी उघड पैसे घेणं कमीपणाचं. क्लब खेळाडूला सोन्याचं घड्याळ बक्षीस द्यायचा, तो ते गहाण टाकायचा, क्लब सोडवून आणून पुन्हा त्यालाच द्यायचा. केवढा हा खटाटोप!

१२ नोव्हेंबर १८९२ ला, आमच्याच शहराच्या आज उत्तरेकडे असलेल्या भागात, तो ॲलेगेनी क्लबकडून मैदानात उतरला. बाहेरून आणलेल्या त्याला बघताच समोरच्या पिट्सबर्ग क्लबचे लोक भडकले. बरीच हुज्जत झाली, पैजा रद्द झाल्या, तेव्हा कुठे सामना सुरू झाला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून त्याने तो गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला. टचडाउनचे तेव्हा चारच गुण. ॲलेगेनी ४-० ने जिंकली.

ॲलेगेनी क्लबच्या जमाखर्चाच्या कागदात त्याचा प्रवासखर्च वेगळा दाखवलाय आणि खेळण्याबद्दल रोख ५०० डॉलर वेगळे. इतकी स्वच्छ नोंद करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. हेफेलफिंगरने स्वतः हे पैसे कधीच कबूल केले नाहीत. १९५४ मध्ये तो गेला, आणि कागद त्यानंतर उजेडात आला. तोवर पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून मान होता तो १८९५ मध्ये लॅट्रोबसाठी दहा डॉलर घेणाऱ्या जॉन ब्रॅलियरचा. त्या एका ओळीने इतिहास तीन वर्षं मागे नेला. कागद आता ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाकडे आहे.

खजिनदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हंगामाच्या सुरुवातीपासूनची व्हाउचरं काढली. 'खेळाडूंचं मानधन' असं नवं खातं उघडलं आणि पहिली दुरुस्ती खांदा निखळलेल्या त्या मुलाच्या नावाने केली.