बिबड्यांचा घाटा, पीएच पट्ट्या आणि जळगावचं ऊन

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या गेल्या, की आमच्याकडे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम लागतो. यंदा भरड्याच्या पातेल्याशेजारी पीएच पट्ट्या (आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) आणि सळईचा थर्मामीटर ठेवलाय. उन्हाळ्यात अन्न लवकर नासतं हे अर्धंच खरं, असं माझं मत होत चाललंय.

जोखमीची ती ज्वारी भिजत घातल्याची पहिली रात्र. ज्वारीच्या पाण्याचा पीएच ६ च्या वर आणि पंखा लावूनही घरात ३६-३७ अंश. ई. कोलाय, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंना आणखी काय हवं? सगळं मनासारखं असलं तर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. पण हीच ऊब लॅक्टिक जिवाणूंनाही मानवते आणि ते पाणी आंबट करत जातात. पट्टी ४.६ च्या खाली उतरली की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढत नाही. ४ च्या आसपास इतर बहुतेकांचाही जोर ओसरतो. रोज पाणी बदलताना हे आम्लही मोरीत जातं, म्हणून जुनं पाणी पेलाभर परत घालतो. आजीला हे अजिबात पटलेलं नाही. “वास मारतील रे बिबडे!”

घाटा, म्हणजे थापायचं घट्ट पीठ, शिजला म्हणजे सुटलो, असं नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक झोपलेलं रूप, उकळीतूनही तगतात. मोठ्या पातेल्यात घाटा निवत ठेवला की वरती साय धरलेली, बोट लावलं तर कोमट. सळई मध्यात खुपसली तर ६५, आणि तो भाग तासन्‌तास ६० ते ३० च्या दरम्यान रेंगाळतो. त्यातच बीजाणू जागे होतात. त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून आता लहान पातेल्यांत घाटा करतो आणि गरम असतानाच थापायला घेतो.

थापल्यावर मात्र आपलं ऊन कामाला येतं. दुपारी पारा ४४ आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आत. पातळ बिबडा संध्याकाळपर्यंत कडक. जिवाणूंना लागतं ते मोकळं पाणी. त्याचं माप म्हणजे जलक्रियता. ती ०.८५ च्या खाली गेली की खारटपणाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणूही विष करत नाही, आणि ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा धरत नाही. तेच पावसाळ्यात तापमान उतरतं, पण वाळवण होत नाही. ढगाळ दिवशी थापलेला एक घाणा दुसऱ्या दिवशीही चिवटच होता, सरळ गुरांनाही न घालता टाकून दिला.

आता डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकलाय. आषाढात काय होतं ते त्यावरून कळेल. कुणी कुरडईच्या चिकाचा पीएच मोजला असेल तर आकडे कळवा, गव्हाचा पीएच ज्वारीसारखाच उतरतो का ते ताडून बघायचंय.