हमोंग संवादांची मराठी सबटायटलं: सुरांचा टप्पा

'ग्रॅन टोरिनो' (२००८) या इंग्रजी चित्रपटातल्या हमोंग संवादांच्या मराठी सबटायटलांची ही पुढची नोंद. हमोंग ही आग्नेय आशियातल्या हमोंग लोकांची भाषा, तिच्यात सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. इंग्रजीवरून मराठी करायचं नाही, हा नियम कायम आहे. शामनच्या (हमोंग मांत्रिकाच्या) प्रसंगात सू ही हमोंग मुलगी स्वतः दुभाषी होते. तिचं इंग्रजी समोर ठेवलं की शामनचं मूळ बोलणं हातचं सुटतं. म्हणून त्याचे शब्द आधी उतरवायचे, सूचे नंतर ऐकायचे. ओसरीवरच्या आजीचे संवाद उतरवून झाले, शामनचे चालू आहेत.

आवाज काढताना ५.१ (सहा चॅनलांच्या) ट्रॅकमधला फक्त मधला चॅनल घ्या, बोलणं बहुतेक तिथेच असतं. फाइल ४८ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह ठेवा. नॉइज रिडक्शन (खरखर काढणारा फिल्टर) लावू नका. हमोंगमधला एक सूर श्वासमिश्रित आहे आणि हा फिल्टर तो श्वासही पुसतो. मग तो सूर खालच्या सपाट सुरासारखा ऐकू येतो आणि शब्दच बदलतो.

लाओसमध्ये १९५१ ते १९५३ दरम्यान तयार झालेल्या आरपीए या रोमन लेखनात अक्षराच्या शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते सूर सांगतं. देवनागरीत त्यासाठी आकडे घेतले आहेत: बी म्हणजे १ (उंच, सपाट), जे २ (उंचावरून घसरणारा), व्ही ३ (चढणारा), काहीच नसेल तर ४ (मध्यम), एस ५ (खालचा), जी ६ (श्वासमिश्रित), एम ७ (खालचा, घशात तुटणारा). डी हे एमचंच चढतं रूप, त्याला ७+. 'ओओ' किंवा 'ईई' असा दुहेरी स्वर आला की ङ् लागतो. म्हणजे नमस्कार झाला 'न्यॉ१ झॉङ्४'.

व्यंजनांत मराठी कानाला मोठा फायदा आहे. आरपीएतला 'आर' म्हणजे सरळ ट, 'आरएच' म्हणजे ठ. 'एक्स' म्हणजे स. क्स वाचलंत तर सगळंच फसलं. 'टीएक्स' म्हणजे 'चमचा'मधला च. पण मराठीत च पुढे इकार आला की तो आपोआप तालव्य होतो, म्हणून तिथे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) हवाच: शामन म्हणजे 'च़ि३ नेङ्१'. 'एचएम'साठी म्ह लिहू नये. आपला म्ह घोषयुक्त आहे. हमोंगमध्ये आधी नाकातून नुसता श्वास येतो, मग म. म्हणून ह्म लिहितो: 'ह्मॉङ्१'.

बोली आधी ओळखा, नाहीतर शब्दकोश उपयोगी पडत नाही. पाण्याचा शब्द 'पांढरी हमोंग' या बोलीत ड ने सुरू होतो, लेंग या दुसऱ्या बोलीत ट्ल सारख्या ध्वनीने. लेंग बोलीत अघोष ह्म नाहीच, नुसता म आहे.

सूर तपासायला प्राट हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर. पिचची (आवाजाच्या उंचीची) मर्यादा पुरुषांच्या आवाजाला ७५ ते ३००, बायकांच्या आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. सूर ७ वर पिचची रेघ तुटते किंवा एकदम निम्म्यावर पडते. ती चूक समजून पुसू नका, घशातला ताण असाच दिसतो. खालची मर्यादा ५० वर आणून वेव्हफॉर्ममधले (ध्वनिलहरीच्या आलेखातले) ठोके मोजा.

सर्वाधिक वेळ सर्वनामांत जातो. 'कॉ२'मध्ये तू आणि तुम्ही दोन्ही येतात, म्हणून नातं पाहून ठरवलं: आजी नातवाला तू, शामनला तुम्ही. हमोंगमध्ये द्विवचन आहे, ते 'आम्ही दोघं' किंवा 'आपण दोघं' असं उघड लिहायचं. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे सर्वनाम सांगत नाही, दृश्यच सांगतं.

नावांना हात लावलेला नाही. सूच्या भावाच्या, थाओ व्हँग लोर या नावातले तिन्ही भाग खरं तर हमोंग कुळांची नावं, म्हणजे आडनावं आहेत. ही चूक मूळ चित्रपटाची आहे आणि हमोंग प्रेक्षकांनी ती ठळकपणे दाखवली आहे. सबटायटलात ती झाकणं अन्यायाचं वाटतं, म्हणून सोबतच्या टिपणात नोंदवली आहे.

इलान या ध्वनिलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी ठेवा: आरपीए, देवनागरी, शब्दशः अर्थ, मराठी. पहिली वेळेला बांधा, बाकीच्या तिलाच जोडा. एसआरटी (सबटायटलांची फाइल) यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच काढा. वाचनाचा वेग मोजताना काही सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रेला वेगळं अक्षर धरतं आणि देवनागरी ओळ फार लांब म्हणून उगाच लाल दाखवतं, तिथे अक्षरं हाताने मोजा.

पुढचा टप्पा व्हीएचएसवरच्या जुन्या हमोंग चित्रपटांचा आणि हमोंगमध्ये डब झालेल्या हिंदी चित्रपटांचा. टेपवर हाय-फाय ट्रॅक असेल तर तोच घ्या. साध्या मोनो ट्रॅकवर पिच नीट मिळते, पण वरच्या कंपनसंख्या गळतात आणि सूर ६ चा श्वास ऐकू येत नाही. तिथे ५ आणि ६ मधला निर्णय शब्दकोश आणि वाक्याच्या अर्थावरूनच घ्यावा लागेल, आणि अशा जागी आरपीए ओळीत प्रश्नचिन्ह ठेवायचं.