२५ एप्रिल, आइंडहोवन

आज डच गायक हेन्नी फ्रींतन यांचा स्मृतिदिन. २०२२ साली याच तारखेला ते गेले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या ‘डू मार’ या डच वाद्यवृंदाची जुनी गाणी लावून बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली.

एर्न्स्ट यान्स यांनी १९७८ मध्ये हा वाद्यवृंद उभा केला. १९८० मध्ये फ्रींतन आले आणि त्याचा कायापालट झाला. रेगे या जमैकन संगीताचा डुलता ठेका आणि त्यावर रोजच्या बोलण्यातली डच भाषा, हे दोन्ही एकजीव होऊ शकते, हे या मंडळींनी सहज सिद्ध केले. मी डच शिकत होतो तेव्हा पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांच्या गाण्यांनीच मला या भाषेची लय दिली, म्हणून त्यांचे ऋण मला वैयक्तिक वाटते.

‘दे बॉम’ हे १९८२ मधले गाणे मी आज तीनदा ऐकले. अण्वस्त्रांच्या भीतीने देश अस्वस्थ असतानाचे, पाय थिरकवणारे आणि तरीही आतून काळवंडलेले असे ते गाणे आहे. बॉम्ब पडणारच असेल, तर शिक्षण, नोकरी, निवृत्तिवेतन या साऱ्याची तजवीज कशासाठी, हा त्यातला प्रश्न आहे. मात्र पस्तिशीला टेकलेल्या या गायकांसमोर गुलाबी आणि झगझगीत हिरव्या रंगांत नटलेल्या शाळकरी मुलींचा एवढा कल्लोळ उसळे की शब्द कोणापर्यंत पोहोचतच नसत. शब्दांवर इतकी मेहनत घेणाऱ्यांना हे किती लागले असेल! कीर्तीच्या ऐन शिखरावर त्यांनी थांबायचे ठरवले आणि १४ एप्रिल १९८४ रोजी डेन बॉसच्या मासपोर्ट सभागृहात निरोपाचा कार्यक्रम केला. पुढे फ्रींतन चित्रपटांना संगीत देण्यात रमले.

माझ्या कार्यालयातल्या एक ज्येष्ठ सहकारी त्या मुलींपैकीच एक. २००० साली वाद्यवृंद पुन्हा एकत्र आला, रॉटरडॅमच्या आहोय सभागृहात कार्यक्रमांची रांग लागली, तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या होत्या. ‘लहानपणी मी फक्त किंचाळले होते, तिथे मी ऐकले,’ असे त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्या वर्षीच्या अल्बमचे नाव ‘क्लार’. डचमध्ये या एकाच शब्दाचा अर्थ ‘तयार’ असाही होतो आणि ‘संपले’ असाही. मला हे नाव फार आवडते.

त्यानंतरही ते अधूनमधून एकत्र येत राहिले. पुन्हा मंचावर येण्याचा शेवटचा बेत मात्र फ्रींतन यांच्या कर्करोगामुळे रद्द झाला.

उद्या त्या सहकारी भेटतील, तेव्हा आहोयमध्ये त्यांनी सर्वांत आधी कोणते गाणे ऐकले, हे विचारायचे आहे.