तुम्ही विचारलंत म्हणून: एखादी जर्मन शिवी शिकव ना

सुट्टीत पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "तिकडची एखादी सणसणीत शिवी शिकव ना." भाचे, चुलतभाऊ, एकदा तर शेजारचे काकासुद्धा. मी हसून विषय बदलते आणि 'ही फारच सोवळी झाली' असं ऐकून घेते. आता एकदाच सांगून टाकते.

शिव्या मला येतात. जर्मन माणूस आईबहिणीवर क्वचित जातो. त्याचा सगळा रोख विष्ठा आणि ढुंगण यांच्याकडे. किल्ली सापडत नाही? 'शायसं!' जर्मन कवी गटेच्या 1773 सालच्या नाटकातला ग्योट्झ तर सेनापतीला 'माझं ढुंगण चाट' असा निरोपच धाडतो, आणि शिकलेसवरलेले लोक 'ग्योट्झचं अवतरण' म्हणून आजही त्यावर खूश असतात. 1984 मध्ये ग्रीन पक्षाचे योश्का फिशर भर संसदेत उपाध्यक्षांना म्हणाले, "माफ करा अध्यक्षमहोदय, आपण आर्शलोख आहात." म्हणजे ढुंगणाचं भोक. आपण! हे किस्से मीही चवीनं सांगायचे. शिवीतसुद्धा अहोजाहो, काय लोक आहेत!

मग स्टुटगार्टच्या आमच्या इमारतीतला जिना आडवा आला. तिथे 'केरवोखं' असते, म्हणजे आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायचा-पुसायचा. (हो, 'केर'च. योगायोग.) पाळी आमची नव्हती, पाळीची पाटी समोरच्यांच्या दारावर लटकत होती. खालच्या मजल्यावरचे आजोबा तरी माझ्यावरच खेकसले. मी पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "झी डुमं कू!" मूर्ख गाय आहात तुम्ही. मुलगी दप्तर पाठीला लावून शेजारीच उभी. माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. त्यांच्या वयाचा मान राखला, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. उच्चार चुकेल आणि ते हसतील, याची मला भीती वाटली.

जर्मनीत अपमान हा गुन्हा आहे. दंडसंहितेचं कलम 185: दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. गाडीतून कपाळावर बोट टेकवून 'डोकं फिरलंय का' असं खुणावलं तरी महागात पडू शकतं. तक्रार ज्याची त्यानं तीन महिन्यांत करायची. मी केली. पोलिसानं नेमके शब्द विचारले. मी ते हळू, स्पष्ट उच्चारले, त्याला टाइप करता यावं म्हणून पुन्हा उच्चारले. जिन्यातल्यापेक्षा हे जड गेलं. पुढे सरकारी वकिलांकडून पत्र आलं: यात सार्वजनिक हित दिसत नाही, हवं तर खासगी फिर्याद करा, त्याआधी समेटाचा प्रयत्न. मी त्या वाटेला गेले नाही.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "गायच म्हणाला ना? मग एवढं काय!" मागे सगळे खो खो हसले. मीही हसले.

नवीनवी तिथे गेलेली मी म्हणाली असती, शिवीसाठी पोलिसांत जातं का कुणी? आता म्हणते, निदान कुणीतरी लिहून घेतलं. आणि लगेच वाटतं, लिहून घेऊन मिळालं काय? आजोबा भेटले की 'ग्र्यूस गॉट', म्हणजे नमस्कार, म्हणतात, मीही म्हणते.

तर शिकवायचीच झाली तर 'मिस्ट' शिकवीन. म्हणजे शेणखत. बस चुकली, दूध उतू गेलं, की खुशाल म्हणा. माणसाच्या तोंडावर फेकायला काही हवं असेल तर यूट्यूबवर सगळं आहे, उच्चारासकट.