नखाएवढं फळ

झाडांना भर दुपारी पाणी घालू नये, हे मला कितीदा तरी सांगून झालंय. तरी मी दुपारीच घालते. आज झारी टेकवताना एकदम वास आला, आणि मग पानाआड दिसली ती. रानस्ट्रॉबेरी. जेमतेम करंगळीच्या नखाएवढी.

हिच्या पायी सहा महिने गेलेत. पहिलं बी मी मातीखाली छान गाडून ठेवलं आणि महिनाभर कोरड्या मातीकडे बघत बसले. नंतर कळलं, या बियांना रुजायला उजेड लागतो. नुसतं मातीवर भुरभुरवायचं. माझ्याकडची जात धुमारेही, म्हणजे जमिनीवर पसरून नवी रोपं देणाऱ्या फांद्याही, सोडत नाही, त्यामुळे मुख्य भिस्त बियांवरच.

इतके दिवस मला वाटायचं, ही त्या मोठ्या, लालबुंद स्ट्रॉबेरीची आजी. तसं थेट नाही. ती मोठी अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये जन्मली, पण आईबाप दोन्ही अमेरिका खंडांतले. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १७१४ साली चिलीहून रोपं नेली, ती निघाली सगळी मादी. फळच नाही! उत्तर अमेरिकेतल्या जातीचा पराग मिळाला आणि ही संकरित जात जन्मली. तिच्या पेशीत ५६ गुणसूत्रं, माझ्या कुंडीतलीच्या १४. आजी कसली, लांबची मावशी.

पण वास! तो मी आधी कुठे घेतला होता ते झारी हातात धरून आठवत राहिले. खोडरबर. दुसरीत शेजारी बसणाऱ्या मुलीकडे स्ट्रॉबेरीच्या आकाराचं गुलाबी खोडरबर होतं. ती ते खोडायला कधी वापरायची नाही, फक्त हुंगायची. मलाही दिवसातून एकदा हुंगू द्यायची. एका मधल्या सुट्टीत मी त्याचा कोपरा चावून खाल्ला. चव रबराचीच. ती रडली, बाईंनी सगळ्यांना विचारलं, आणि मी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, "मी नाही."

या फळाचे दोन वाटे होत नाहीत. घरात कुणाला हाकही न मारता मी ते तिथेच, उभ्या उभ्या, तोंडात टाकलं.

त्या मुलीचं नाव काय होतं? संध्याकाळ झाली, आठवत नाहीये.