वाकळेतलं लुगडं

जुन्या फोटोंवरून तैलचित्रं करायची कामं मला कोल्हापुरात बऱ्यापैकी मिळतात. वास्तुशांत, पंच्याहत्तरी, वर्षश्राद्ध. फोटो मोबाइलवर येतो, चित्र टेम्पोतून जातं. मधे कुणाची भेटही होत नाही. हे काम मात्र तसं गेलं नाही.

फोटोच्या मागे पेन्सिलीने 1938 लिहिलेलं. आकार पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा कसरीने खाल्लेला, आणि फोटो काचेला घट्ट चिकटलेला. सोलायला गेलो असतो तर चेहराच काचेवर राहिला असता, म्हणून काचेसकट स्कॅन केला. कोट-फेट्यातले आजोबा खुर्चीत, मागे रंगवलेला पडदा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आजी उभी. नातवाला फक्त आजी हवी होती, 24 बाय 30 इंचांत.

लुगडं फोटोत काळंभोर. मी चंद्रकळा रंगवली. खरं सांगायचं तर माझ्यावर मीच खूश होतो.

नातू चित्र बघायला आला तो आत्याला घेऊन. नव्वदीला टेकलेली बाई. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कोण रं?"

मग म्हणाली, "आमच्या आईनं काळं लुगडं कवा नेसलं? तांबडं हुतं ते." दुसऱ्या दिवशी पुरावाच आणला. जुनी वाकळ. तिच्यात मधोमध त्या लुगड्याचा तुकडा, विटलेला, पण लालच. काठ फोटोतल्या काठाशी तंतोतंत जुळला.

त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. लाल वस्तू फोटोत काळी उमटायची, निळी फिकट पडायची. हे मला ठाऊक होतं हो! त्याच फोटोतलं काळं कुंकू मी कुणाला न विचारता लाल केलं होतं. खाली लुगड्यापर्यंत डोकं पोचलं नाही, एवढंच.

"आन् तोंडावरचं वण कुठं गेलं?" आत्याचं संपलं नव्हतं. देवीचे वण. भिंग घेऊन पुन्हा बघितलं तेव्हा गालांवर बारीक रेघोट्या दिसल्या. स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून डाग, सुरकुत्या घालवायचे. इथेही कुणीतरी घालवले होते, आणि मी तो गुळगुळीत गाल इमानेइतबारे उतरवला होता.

नातू कुरकुरला, "राहू दे ना आत्या, हॉलमध्ये लावायचंय."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी लाव."

चंद्रकळेवर लाल चढवायला, वाळायला तीन आठवडे गेले. वण शेवटी घेतले. आत्या खुर्ची ओढून शेजारीच बसली होती. मी गालावर पाच टिपले.

"एवढं न्हवतं. नाकाच्या अंगाला दोनच."

रंग ओला होता. चिंधीने तीन पुसले.